लहान मुलांच्या आयसीयूत इन्चार्ज सिस्टर नेमकं काय करते?

कोल्हापुरातल्या कुठल्याही मोठ्या दवाखान्यात लहान मुलांच्या आयसीयूबाहेर थोडा वेळ बसलात, तर एकच प्रश्न फिरून फिरून कानावर येतो: "मोठे डॉक्टर राऊंडला कधी येणार?" प्रश्न रास्तच आहे. पण डॉक्टर एका पलंगापाशी असतात ते दिवसातला थोडा वेळ. बाकी सगळा वेळ ते मूल सिस्टरांच्या हाती असतं. कोणतं मूल कोणत्या सिस्टरकडे द्यायचं, तिच्याकडे आणखी किती मुलं ठेवायची, तिला शंका आली तर ती कुणाला आणि किती मोकळेपणाने विचारू शकते, हे सगळं ठरवणारी एक बाई त्या काचेच्या दाराआड असते. तिचं नाव नातेवाइकांना बहुतेक वेळा शेवटपर्यंत कळत नाही. ती इन्चार्ज सिस्टर.

सरकारी भाषेत तिला परिसेविका म्हणतात. तिच्या हाताखालच्या स्टाफ नर्स म्हणजे अधिपरिचारिका, आणि तिच्या वर सहायक अधिसेविका आणि अधिसेविका, म्हणजे आपल्या बोलण्यातल्या मेट्रन. खासगीत हुद्द्यांची नावं वेगळी, काम तेच. गेली काही वर्षं नर्सिंगच्या प्रशिक्षणांत 'करुणामय नेतृत्व' या विषयाचा बराच बोलबाला आहे. शब्द जरा प्रवचनी आहे, त्यामुळे ऐकणाऱ्याला वाटतं की गोड बोला, हसतमुख राहा, वाढदिवसाला केक कापा, एवढंच असेल. तसं नाही. लहान मुलांच्या आयसीयूत करुणा ही आधी सुरक्षेची गोष्ट आहे. वाईट बातमी खालून वर विनाअडथळा पोचावी, यासाठी केलेली ती व्यवस्था आहे. ती कशी, ते सांगतो.

आधी ती खोली समजून घेऊ. पीआयसीयू म्हणजे साधारण एक महिन्याच्या पुढच्या मुलांचा अतिदक्षता विभाग. त्याहून लहान बाळं एनआयसीयूत जातात. कोल्हापूरच्या पीआयसीयूतलं मूल कोल्हापूरचंच असेल असं नाही. ते चंदगड-आजऱ्याहून येतं, राधानगरी-गगनबावड्याहून येतं, घाट चढून सिंधुदुर्गातून येतं, निपाणी-चिकोडीकडूनही येतं. पावसाळ्यात आणि त्याच्या मागोमाग डेंग्यू आणि न्यूमोनिया. वर्षभर झटके, मेंदूज्वर, अपघात. शेतात साप चावलेलं, विंचू चावलेलं, फवारणीचं औषध चुकून प्यायलेलं. (विंचूदंशावर प्राझोसिन हे औषध कामाला येतं हे जगापुढे मांडलं ते आपल्याच महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी.) कारखान्यांचा हंगाम सुरू झाला की ऊसतोड कामगारांच्या फडावरची पोरं. त्यांचे आईबाप बीड-धाराशिवकडचे, इथे ओळखीचं कुणी नाही.

मुलांच्या शरीराचा एक गुण फसवा असतो. ते शेवटपर्यंत तग धरतं आणि मग एकदम कोसळतं. अंगातलं पाणी किंवा रक्त कमी झालं तरी मुलाचा रक्तदाब बराच वेळ ठीक दिसत राहतो. तो पडतो सगळ्यात शेवटी, आणि तोवर हातातला बराचसा वेळ निघून गेलेला असतो. आधीच्या खुणा बारीक असतात. हृदयाचे ठोके वाढतात. हातपाय गार लागतात. नख दाबून सोडलं की एरवी दोन सेकंदांत परतणारी लाली परतायला वेळ लागतो. लघवी कमी होते. मूल चिडचिड करतं किंवा नको तितकं शांत होतं. शिवाय वयागणिक आकडे वेगळे: तान्ह्या बाळाचे ठोके मिनिटाला १४० असले तरी ठीक, पण दहा वर्षांच्या मुलाचे शांत झोपेत तेवढे असले तर धावपळ करायची वेळ. आणि पाय गार आहेत हे कोणताही मॉनिटर सांगत नाही, ते हात लावणाऱ्यालाच कळतं.

हात लावणारी असते नर्स. बहुतेक वेळा सगळ्यात ज्युनिअर नर्स. तिला नक्की काय बिघडलंय ते सांगता येत नाही, फक्त "बाळ मघासारखं वाटत नाही" एवढंच वाटत असतं. हे वाक्य रात्री अडीच वाजता झोपलेल्या डॉक्टरला फोन करून म्हणायला धाडस लागतं. मागच्या वेळी म्हटलं तेव्हा "एवढ्यासाठी उठवलंस?" असं ऐकून घ्यावं लागलं असेल, तर ती अर्धा तास वाट बघेल. तो अर्धा तास महाग पडतो.

यावर उपाय म्हणून जगभर गुणपत्रकं निघाली: ठोके, श्वास, शुद्ध यांना गुण द्यायचे आणि बेरीज वाढली की डॉक्टरांना बोलवायचं. चांगली गोष्ट आहे, वापरावीच. पण अशा एका गुणपत्रकाची ७ देशांतल्या २१ हॉस्पिटलांत मोठी चाचणी झाली. २०१८ मध्ये तिचा निकाल आला, तेव्हा मुलांच्या एकूण मृत्यूंत फरक दिसला नाही. कागदावरचा आकडा आपण होऊन फोन करत नाही, तो कुणीतरी करायचा असतो.

आता औषधाकडे येऊ, कारण इथे मामला अगदी बारीक आहे. मोठ्यांच्या वॉर्डात एक गोळी म्हणजे एक गोळी. मुलांच्या आयसीयूत एका पलंगावर चार किलोचं बाळ, शेजारी पन्नास किलोचा दहावीतला मुलगा. प्रत्येक डोस वजनावर मोजायचा. अॅड्रिनॅलिनचं उदाहरण घ्या. हृदय बंद पडलं की सीपीआर देताना हे औषध लागतं. (कोल्हापूरकरांनो, इथे सीपीआर म्हणजे दसरा चौकाजवळचा दवाखाना नव्हे, छाती दाबून रक्त फिरतं ठेवायची क्रिया.) डोस किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम. दहा किलोच्या मुलाला ०.१ मिलिग्रॅम. पण अॅम्प्युल, म्हणजे औषधाची काचेची कुपी, येते ती एका मिलिलिटरमध्ये १ मिलिग्रॅमची. म्हणून ती दहा मिलिलिटरपर्यंत पातळ करायची आणि त्यातलं एक मिलिलिटर द्यायचं. घाईत कुणी पातळ न करताच एक मिलिलिटर ओढलं, तर मुलाच्या शिरेत दहापट औषध गेलं. सिरिंज तीच, रेघ तीच, दिसायलाही दोन्ही पाण्यासारखंच.

म्हणून नियम असा की दुसऱ्या नर्सने स्वतंत्रपणे हिशोब करायचा. पहिलीचं उत्तर बघून मान डोलवायची नाही. वजन बघायचं, स्वतः आकडा काढायचा आणि मग दोघींचे आकडे जुळतात का ते पाहायचं. नियम प्रत्येक दवाखान्यात भिंतीवर लावलेला असतो. तो पाळला जातो का, हे मात्र वेगळ्याच गोष्टीवर ठरतं. समजा, सोमवारी सकाळी एका नव्या मुलीने सीनिअर सिस्टरला विचारलं, "सिस्टर, हे पातळ केलंय ना?" आणि सीनिअर फणकारली, "वीस वर्षं झाली मला, तू शिकवणार?" इन्चार्जने हे ऐकलं आणि काही बोलली नाही. गुरुवारच्या नाईटला तीच मुलगी दुसरी तपासणीस म्हणून उभी असेल. ती मान डोलवेल, सही करेल, विचारणार मात्र नाही. गुरुवारची चूक सोमवारी पेरलेली असते.

याउलट इन्चार्जने त्याच क्षणी, सगळ्यांदेखत, नुसतं एवढं म्हटलं की "बरं केलंस विचारलंस, दाखवा बरं मला पण," तर सीनिअरचा मानही जात नाही आणि प्रश्न विचारणं ही त्या वॉर्डातली रोजची रीत होऊन जाते. करुणामय नेतृत्व नावाचं जे काही आहे, ते असल्या दहा-दहा सेकंदांच्या प्रसंगांत असतं. कार्यशाळेत ते शिकवता येतं याबद्दल मला थोडी शंकाच आहे.

अॅमी एडमंडसन या अमेरिकन संशोधिकेने औषधांच्या चुकांवर एक अभ्यास केला होता, १९९६ मध्ये तो प्रसिद्ध झाला. तिची अपेक्षा सरळ होती: जिथे टीम चांगली, तिथे चुका कमी. आकडे उलटे आले. चांगलं नेतृत्व असलेल्या वॉर्डांत नोंदलेल्या चुका जास्त. खोलात गेल्यावर कारण सापडलं. तिथल्या नर्स जास्त चुकत नव्हत्या, त्या चुका बोलून दाखवत होत्या. धाक असलेल्या वॉर्डांत चुका दबत होत्या. आपल्याकडे ज्या वॉर्डाच्या घटना-रजिस्टरमध्ये वर्षभर एकही नोंद नाही, त्या वॉर्डाचं कौतुक होतं. खरं म्हणजे त्या वॉर्डाची काळजी वाटायला हवी.

आपल्याकडचं औषध एकच: मेमो. काही झालं की मेमो, खुलासा, टेबलासमोर उभं करणं. मग लोक शहाणे होतात, म्हणजे गप्प होतात. पण म्हणून सगळं पोटात घालायचं का? नाही. इथे तीन गोष्टी वेगळ्या काढाव्या लागतात. थकलेल्या माणसाकडून नकळत घसरलेला आकडा ही एक गोष्ट. काम लवकर उरकावं म्हणून सगळेच घेतात ती आडवाट, उदाहरणार्थ दुसरी तपासणी न करताच सही, ही दुसरी. आणि माहीत असून, बजावलं असून केलेली बेपर्वाई ही तिसरी. पहिलीत माणसाला धीर द्यायचा आणि व्यवस्था बदलायची: सारख्या दिसणाऱ्या अॅम्प्युल वेगळ्या कप्प्यात, पातळ केलेल्या सिरिंजला लगेच लेबल. दुसरीत सगळ्यांना बसवून बोलायचं, कारण आडवाट एकटीची नसते. तिसरीत कारवाई, आणि तीही वेळेवर. तिथे दयामाया दाखवणारी इन्चार्ज उरलेल्या नर्सेसवर आणि मुलांवर अन्याय करत असते.

गंगावेशच्या किंवा मोतीबागच्या तालमीतला वस्ताद आठवा. हौद्यात पोराची चूक झाली तर शिवी हासडेल, पण त्याच पोराची थंडाई कुणी प्यायली, खुराक मिळाला का, खांदा दुखावलाय तर आज जोर नकोत, हे त्यालाच ठाऊक असतं. जखमी पोराला मैदानात सोडणाऱ्या वस्तादाला कोल्हापुरात कुणी कडक म्हणत नाही, मूर्ख म्हणतात. इन्चार्ज सिस्टरच्या कडकपणाचं आणि मायेचं गणित याच जातीचं आहे. फक्त शिव्या वगळून.

आवाज खालून वर जाऊ दिला तर काय होतं, याचा एक जुना आणि ठोस दाखला आहे. आयसीयूत मोठ्या शिरेत नळी घालतात, सेंट्रल लाइन. तिच्यातून जंतू रक्तात गेले तर जिवावर बेततं. अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स हॉस्पिटलातल्या डॉ. पीटर प्रोनोव्होस्ट यांनी नळी घालताना पाळायच्या साध्या गोष्टींची यादी केली: हात धुवा, त्वचा नीट निर्जंतुक करा, अंगभर निर्जंतुक कापड पांघरा, गरज संपली की नळी काढा. यात नवं काहीच नव्हतं. नवं होतं ते हे की एखादी पायरी डॉक्टरने चुकवली तर नर्सने काम थांबवायचं, आणि व्यवस्थापन नर्सच्या बाजूने उभं राहील. मिशिगन राज्यातल्या शंभराहून अधिक आयसीयूंमध्ये हे राबवलं. २००६ साली निकाल छापून आले, तेव्हा अशा संसर्गात दोन तृतीयांशापर्यंत घट दिसत होती. यादी जगभर पोचली. नर्सने डॉक्टरला थांबवायचं, हा भाग मात्र पुष्कळ ठिकाणी वाटेतच गळाला. आपल्याकडे तर "सर, ग्लोव्हज बदलता का?" हे म्हणायलाही इन्चार्ज पाठीशी असावी लागते.

ब्रिटनमधले अभ्यासक मायकेल वेस्ट करुणामय नेतृत्वाचे चार भाग सांगतात. समोरच्याकडे नीट लक्ष देणं, त्याची अडचण समजून घेणं, ती आपल्याला जाणवणं, आणि मग मदत करणं. पहिल्या तीन गोष्टी आपल्याकडे पुष्कळांना जमतात. चौथी नसेल तर ते सगळं नुसतं गोडबोलं.

मदत म्हणजे काय, ते ड्युटीच्या तक्त्यात दिसतं. व्हेंटिलेटरवरच्या मुलामागे प्रत्येक पाळीत एक नर्स, ही जगभर मानलेली अपेक्षा. ती का, यासाठी २००२ चा एक प्रसिद्ध अभ्यास आहे. लिंडा एकन आणि सहकाऱ्यांनी पेनसिल्व्हेनियातल्या १६८ हॉस्पिटलांचे आकडे तपासले. शस्त्रक्रिया झालेल्या मोठ्या माणसांचे ते आकडे होते. नर्समागे एक पेशंट वाढला की तीस दिवसांत मृत्यूची शक्यता सुमारे ७ टक्क्यांनी वाढलेली दिसली. मुलांच्या आयसीयूत, जिथे डोस थेंबांत मोजतात, तिथे हे गणित सैल असेल असं मानायला काही कारण नाही.

आता प्रत्यक्ष. नाईटला एक सिस्टर आजारी पडली, बदली मिळेना. सोपा मार्ग म्हणजे तिची मुलं उरलेल्यांत वाटून टाकणं. चांगली इन्चार्ज आधी मेट्रनना फोन लावते, दुसऱ्या वॉर्डातून आयसीयूचं काम येणारी कुणी मिळते का पाहते, डॉक्टरांना स्पष्ट सांगते की आज रात्री आणखी एक व्हेंटिलेटर झेपणार नाही, आणि हे सगळं लिहून ठेवते. लिहून ठेवणं महत्त्वाचं, कारण उद्या काही झालं तर खुलासा रात्रपाळीतल्या पोरीकडे मागतील. गरज पडली तर ती स्वतः एक मूल घेते. इन्चार्जला ॲप्रन चढवून सक्शन करताना, म्हणजे मुलाच्या नळीतला कफ ओढून काढताना बघितलं की ज्युनिअर मुलींना जे कळतं, ते परिपत्रकाने कळत नाही.

कोणाला कोणतं मूल द्यायचं यातही विचार असतो. एकाच मुलाला रोज तीच सिस्टर असली तर तिला त्याच्या बारीक खुणा कळतात, आईलाही बरं वाटतं. पण मूल हाताबाहेर चाललं असेल आणि तीच मुलगी सलग नाईट करत असेल, तर तिच्या मनात काय चाललंय हे विचारावं लागतं. बाळंतपणाच्या रजेवरून परत आलेल्या सिस्टरला पहिल्याच आठवड्यात तिच्या बाळाएवढंच व्हेंटिलेटरवरचं बाळ देऊ नये, एवढं तर कुणाच्याही लक्षात यावं. येत नाही, कारण तक्ता लावताना नावं बघतात, माणसं नाही. आणि अगदी साध्या गोष्टी: पाणी प्यायला, लघवीला, डबा खायला सुटी. बारा तास लघवी रोखून धरलेल्या बाईकडून दशांश चिन्हाची अचूक जागा मागणं हा क्रूरपणा आहे.

कोल्हापुरात याला पुराची जोड आहे. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ ज्यांनी पाहिलंय त्यांना सांगायला नको. राजाराम बंधाऱ्यावर पाणी ४३ फुटांच्या धोका पातळीकडे सरकायला लागलं की एकेक रस्ता बंद होतो, पुढे शिरोलीजवळ हायवेच पाण्याखाली जातो. शिरोळ, हातकणंगलेकडून येणारी सिस्टर येऊ शकत नाही, आणि आत असलेली घरी जाऊ शकत नाही. घरात पाणी शिरलंय, म्हातारी सासू माळ्यावर आहे, आणि ही इथे इन्फ्युजन पंपाचा दर बदलते आहे. जून महिन्यातच कोण नदीच्या अलीकडे राहतं, कोण पलीकडे, कुणाकडे मुक्कामाची सोय होईल, झोपायला कुठली खोली, याची यादी करून ठेवणं हीसुद्धा करुणाच. पूर आल्यावर "तुमची सेवा थोर आहे" असा मेसेज ग्रुपवर टाकण्यापेक्षा ही यादी फार कामाची.

नातेवाइकांचं प्रकरण मोठं आहे. आईला काचेबाहेर ठेवून तिला "काळजी करू नका" म्हणणं ही आपली जुनी पद्धत. त्यात कुणाचंच भलं नाही. कारण मूल रोजच्यापेक्षा वेगळं दिसतंय हे आईला आधी कळतं. २००१ साली वर उल्लेख आलेल्या त्याच जॉन्स हॉपकिन्समध्ये दीड वर्षाची जोसी किंग भाजल्यावर दाखल झाली होती आणि बरी होत होती. ती तहानेने कासावीस आहे, काहीतरी बिनसलंय, हे तिची आई सांगत राहिली. तिला सांगितलं गेलं की आकडे ठीक आहेत. अंगातलं पाणी कमी पडत गेलं, त्यात गुंगी आणणारं एक वेदनाशामक दिलं गेलं, आणि पोर गेली. तिची आई सॉरेल किंग पुढे रुग्णसुरक्षेच्या कामात उतरली. आई-वडिलांनी हाक मारली तर तातडीची टीम पलंगापाशी यावी, या पद्धतीचा तिने पाठपुरावा केला.

आपल्याकडची आई इंग्रजी शब्द वापरत नाही. ती म्हणते, "पोरगं काय बोलंनाच झालंय ओ सिस्टर, नुसतं बघत बसलंय." घाईत असलेल्या नर्सला ही कुरकुर वाटू शकते. इन्चार्जने शिकवायचं ते हे की हे वाक्य म्हणजे नोंद आहे. ओव्हर देताना, म्हणजे एक पाळी दुसरीला मुलं सोपवते तेव्हा, ते जसंच्या तसं सांगायचं: "आई म्हणते, दुपारपासून बोलत नाही." बाकी ठोके, ऑक्सिजन, लघवी, ड्रिप, सगळं सांगतातच.

आणखी एक जागा. मूल आत आलं की सलाइनसाठी मनगटावरचा काळा दोरा, कमरेचा करगोटा, पायातलं वाळं आड येतं. कात्रीने खटकन कापून ट्रेमध्ये टाकायला दोन सेकंद लागतात. आईला वाटतं, पोराचं रक्षण कापून टाकलं. चांगल्या युनिटमध्ये सिस्टर आधी सांगते, "ताई, इथे सुई लावायची आहे, दोरा सोडते हं," शक्य असेल तर आईलाच सोडायला देते, आणि पाकिटात घालून, वर नाव लिहून तिच्या हातात देते. जोतिबाचा गुलाल, अंबाबाईचं कुंकू यांचंही तसंच. व्हेंटिलेटरच्या नळ्यांजवळ भुकटी चालत नाही, तिथे तडजोड नाही. पण बंद पिशवीत घालून पलंगाच्या डोक्याशी अडकवायला कुठलाच नियम आड येत नाही. "हे असलं इथे चालणार नाही" एवढं म्हणून आईला परत पाठवलं, तर पुढे ती तुम्हाला काहीच सांगायला येणार नाही. मग दुपारपासून पोरगं बोलत नाही, हेही नाही.

घरातले निर्णय चुलता किंवा आजोबा घेतात आणि आई कोपऱ्यात उभी असते, हे आपल्याला नवं नाही. डॉक्टर परिस्थिती समजावतात तेव्हा इन्चार्जने आईला आत बोलवून खुर्ची द्यायची. पैशांचा घोर असेल, आणि असतोच, तर जनआरोग्य योजनेच्या आरोग्यमित्राकडे पहिल्याच दिवशी पाठवायचं, चौथ्या दिवशी नाही. नातेवाइकांचा पारा चढला तर ज्युनिअर मुलीला एकटीला पुढे करायचं नाही. दवाखान्यातल्या मारहाणीविरुद्ध महाराष्ट्रात २०१० पासून कायदा आहे, पण तो नंतर उपयोगी पडतो. त्या क्षणी तिच्या शेजारी कोण उभं आहे हे महत्त्वाचं.

मूल गेलं तर काय, याविषयी नर्सिंगच्या पुस्तकांत पुष्कळ आणि वॉर्डात फार कमी बोललं जातं. नळ्या काढायच्या, अंग पुसायचं, आईच्या मांडीवर द्यायचं, कागद पुरे करायचे. तासाभरात पलंग धुऊन तयार, कारण खाली कॅज्युअल्टीत दुसरं मूल वाट बघतंय. जिने मघाशी छाती दाबली तीच आता नवी सलाइन लावणार. अमेरिकेतल्या व्हर्जिनियाचे नर्स जोनाथन बार्टेल्स यांनी एक साधी पद्धत सुरू केली. मृत्यू जाहीर झाल्यावर त्या पलंगाभोवती असलेले सगळे, डॉक्टरांपासून मावशींपर्यंत, मिनिटभर गप्प उभे राहतात, त्या माणसासाठी आणि त्याच्यासाठी धडपडलेल्या हातांसाठी. खर्च शून्य. मला ही पद्धत आवडते ती तिच्यात भाषण नाही म्हणून.

पुढचं जरा जपून करायचं काम आहे. सगळ्यांना एकत्र बसवून "बोला, मन मोकळं करा" असा आग्रह धरण्याची फॅशन मध्यंतरी आली होती. पण धक्क्यानंतर एका बैठकीत सक्तीने बोलतं केल्याने पुढचा मानसिक त्रास टळतो, असं एकत्रित आढाव्यांत दिसलेलं नाही. तेव्हा काय घडलं, औषध कधी मिळालं, पुढच्या वेळी काय हाताशी हवं, याची दहा मिनिटांची चर्चा जरूर करावी. रडायचं की नाही हे ज्याचं त्याच्यावर सोडावं. नंतर चहाच्या वेळी इन्चार्जने एकेकीला गाठून "जेवलीस का?" विचारलं तरी पुष्कळ. आणि ज्या सिस्टरच्या हातून चूक होऊन मुलाला इजा झाली, तिच्याकडे विशेष लक्ष. डॉ. अल्बर्ट वू यांनी २००० साली अशा कर्मचाऱ्याला घटनेचा 'दुसरा बळी' म्हटलं होतं. पहिला बळी ते मूल आणि त्याचं कुटुंब, यात शंका नाही. पण दुसरीला एकटं टाकलं तर ती नोकरी सोडते, किंवा पुढे प्रत्येक सिरिंज धरताना तिचा हात थरथरतो.

एक त्रास वेगळाच आहे आणि तो थकव्यासारखा दिसतो. मुलाच्या भल्याचं काय ते नर्सला कळतंय, पण करता येत नाही. औषध बाहेरून आणायला सांगितलंय आणि बापाकडे पैसे नाहीत. किंवा उपयोग नाही हे सगळ्यांना ठाऊक असताना रोज नव्या सुया टोचल्या जात आहेत आणि टोचणारी तीच. अभ्यासक याला नैतिक घुसमट म्हणतात. सुटी देऊन ती जात नाही. ती कमी होते ती नर्सला राऊंडमध्ये तोंड उघडू दिल्यावर: "सर, या बाळाच्या बाबतीत आपण घरच्यांशी पुढचं बोलायचं का?"

इथपर्यंत वाचून कुणा प्रशासकाला वाटेल, छान, सगळ्या इन्चार्जना दोन दिवसांचं प्रशिक्षण देऊन टाकू. तिथेच माझी अडचण आहे. रिकाम्या जागा न भरता मायेच्या गोष्टी शिकवणं म्हणजे कमतरतेवर घातलेलं पांघरूण. आपल्याकडे इन्चार्ज होते ती सेवाज्येष्ठतेने. माणसं सांभाळायचं शिक्षण तिला कुणी दिलेलं नसतं, आणि दिवस जातो इंडेंट, साठा रजिस्टर, लिनन, बिघडलेला पंप आणि तपासणी समितीच्या फायलींत. ती वॉर्डात हिंडली नाही तर सोमवारचा तो फणकारा तिच्या कानावर पडणारच कसा? तिचं निम्मं कागदी काम एका क्लार्ककडे दिलं, तर कोणत्याही कार्यशाळेपेक्षा जास्त फरक पडेल असं माझं मत आहे. शिवाय तिला स्वतःला मेट्रन आणि डीन कसे वागवतात, तेच ती खाली वाटते. वरून रोज मेमो येत असतील तर तिने खाली शांत राहायचं ही अपेक्षा जरा जास्तच.

तुमचं मूल कधी पीआयसीयूत असलं, न असो, तर राऊंडच्या वेळेसोबत आणखी दोन गोष्टी विचारा. या पाळीत माझ्या बाळाकडे कोणत्या सिस्टर आहेत आणि त्यांच्याकडे आणखी किती मुलं आहेत? आणि मला काही वेगळं वाटलं तर रात्री कुणाला सांगायचं? ज्या युनिटमध्ये हे प्रश्न विचारल्यावर कुणी चिडत नाही आणि दुसऱ्या प्रश्नाला नावासकट उत्तर मिळतं, तिथली इन्चार्ज आपलं काम करते आहे.